जागा बदलल्याचं गाऱ्हाणं

माझं माहेर ठाकूरद्वारचं आणि सासर लालबागचं. दोन्ही एकाच मुंबईत आहेत असं म्हणतात, पण लग्नानंतरचे पहिले काही महिने मला ते पटत नव्हतं. माहेरी आम्ही हळू बोलणारी माणसं. वडील बोटीच्या कचेरीत कारकून, आणि आज आमच्याकडे भाजी कसली आहे हे भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला कळू नये याबद्दल आई फार दक्ष. सासरी असलं काही लपवायची सोयच नव्हती. सासरे गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. उभी हयात साच्यांच्या खडखडाटात गेल्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय ते विसरूनच गेले होते. त्यांनी खोलीत बसून "पाणी हाड" म्हटलं की समोरच्या चाळीतल्या बाईचाही हात माठाकडे जाई. ही हकीकत त्यांच्या त्या आवाजाची आहे, आणि माझ्या पोटाची.

घरात माणसं चारच. सासरे, सासूबाई, मी आणि माझा नवरा. नवरा त्याच गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होता. घरातलं सगळं बोलणं बापानंच संपवल्यामुळे मुलासाठी फारसं उरलं नव्हतं. दिवसाकाठी मोजकी वाक्यं तो बोले, आणि त्यातलंही एखादं 'बरं' असे. राज्य तेव्हा द्वैभाषिक होतं आणि ते आमच्या चाळीला अजिबात मान्य नव्हतं. सासरे गिरणी सुटली की सभेला, सभा सुटली की मोर्च्याला. मुंबई महाराष्ट्राला मिळायला उशीर होतोय तो दिल्लीपर्यंत त्यांचा आवाज पोचत नाही म्हणून, असं सासूबाई म्हणत. मला तरी त्यावर विश्वास ठेवणं जड जात होतं.

लग्नाला वर्ष होत आलं आणि चाळीतल्या बायका माझ्या पदराकडे जरा जास्तच निरखून बघू लागल्या, त्याच सुमाराला माझ्या उजव्या जांघेत गाठ आली. ती दुखत नव्हती. दुखली असती तर मी कुणाला तरी सांगितलं असतं. न दुखणाऱ्या गोष्टीबद्दल, तीही असल्या जागी, कसं बोलायचं हे ठाकूरद्वारला मला कुणी शिकवलं नव्हतं. चुना-गूळ लावून पाहिला. गाठीनं तो आनंदानं खाल्ला असावा, कारण ती वाढली. शेवटी नवऱ्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. तेव्हा मात्र मी घाबरले. स्वतःच्या लग्नालाही हा माणूस अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आला होता.

नाक्यावरच्या डॉक्टरनं बोटानं चाचपून पाहिलं आणि परळच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. ते हॉस्पिटल आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण त्याचं नाव कुणी घेत नसे. नुसतं 'थय', म्हणजे तिथं, म्हणत. 'त्याका थय न्हेलो' एवढं कुणी म्हटलं की ऐकणारे गप्प होत. तर मला 'थय' नेलं. गाठीचा तुकडा काढला, तपासला, आणि मग एका सकाळी मी, नवरा आणि सासरे डॉक्टरांसमोर बसलो.

डॉक्टर वयानं लहानच होते. विलायतेत शिकून आलेले, आणि बोलताना सारखा चष्मा पुसायची सवय. कॅन्सर आहे, म्हणाले. रसग्रंथींचा. पण किरणांचा शेक दिला तर हा आजार बरा होऊ शकतो, आणि वेळेवर आलात. शेक जांघेला आणि वर ओटीपोटापर्यंत द्यावा लागेल. हे सगळं त्यांनी नवऱ्याकडे बघत सांगितलं. मग चष्मा पुसला, चढवला आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"तुम्हाला मुलं हवी आहेत का?"

असा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मुलं हवीत का म्हणजे काय? ती व्हायचीच असतात. हवीत की नकोत असं विचारायला ते काय दुसऱ्यांदा वाढायचं वरण होतं? माझ्या वतीनं सासऱ्यांनी उत्तर दिलं.

"होय तर. होयीच."

बाहेरच्या बाकावरची दोन माणसं आत डोकावली.

"तुम्हाला नाही विचारलं," डॉक्टर म्हणाले. सासऱ्यांशी असं कुणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. एवढ्या मोठ्या संकटातही मला त्याची मजा वाटली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. बाईच्या पोटात खाली दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. मूल धरतं ते त्यांच्या जिवावर. किरण आजाराला मारतात तसे त्यांनाही मारतात. मग पाळी जाते ती जातेच, आणि मूलही नाही. यावर एक उपाय आहे. शेक सुरू करण्याआधी पोट उघडायचं, दोन्ही बीजकोश त्यांच्या जागेवरून सोडवायचे, आणि वर, बरगड्यांच्या खाली, दोन बाजूंना टाके घालून ठेवायचे. किरण खाली, ते वर. शिवाय वरून शिशाचा पत्रा ठेवायचा.

"हे मी बाहेर असताना बघितलंय," ते म्हणाले. "स्वतःच्या हातानं अजून केलेलं नाही. शेक त्यामुळे लांबेल, तेवढा धोका आहे. आणि इतकं करून मूल होईलच असंही मी सांगत नाही. विचार करा."

घरी येऊन सगळ्यांनी विचार केला. मला सोडून. ठाकूरद्वारहून आई आली आणि म्हणाली, "काही नको तो आणखी उद्योग. ही राहिली की झालं." वडिलांनी कचेरीतल्या साहेबांचं मत आणलं. सासरे म्हणाले, डॉक्टर पोरगेला आहे पण हात स्वच्छ आहेत. नवऱ्यानं दोन्ही बाजू ऐकून "बरं" म्हटलं. सासूबाई तेवढ्या काहीच बोलल्या नाहीत. तांदूळ निवडत बसल्या. त्यांना नातू हवा असणार आणि तोंडानं बोलवत नसणार, असा मी अर्थ काढला. सासूबद्दल असले अर्थ काढायला सुनेला वेळ लागत नाही.

मला राग येऊ लागला होता. पोट माझं, गाठ माझी, आणि आतापर्यंत मला विचारलं होतं ते फक्त त्या चष्मेवाल्यानं. मला मूल हवं होतं. वंशबिंश मला ठाऊक नाही. मला ते माझ्या मांडीवर हवं होतं. आणि मला जगायचंही होतं. दोन्ही हवं होतं, आणि वीस वर्षांच्या मुलीला त्यात फार काही मागतोय असं वाटत नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी "काय ठरलं?" असं नवऱ्याला विचारायच्या आत मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "मला हवीत. करा तुम्ही ते."

सासऱ्यांसमोर मी मोठ्यानं बोललेलं हे पहिलं वाक्य. जिना उतरताना ते एकदम म्हणाले, "बेस केलंस." आणि मग, जरा विचार करून, "बियाण्याचा भात पावसाळ्यात माळ्यारच ठेवूचा लागता. खाली ओल लागता." गावाकडे बियाण्याचं भात गवताच्या पेंढ्यात वळून बांधतात, त्या गाठोड्याला मुडी म्हणतात, आणि ओलीपासून राखायला ती माळ्यावर चढवतात. सासऱ्यांना डॉक्टरांचं सगळं म्हणणं एवढ्यात कळलं होतं आणि ते खूश होते. माझ्या बीजकोशांच्या मुड्या झालेल्या मला कितपत आवडल्या ते त्यांनी विचारलं नाही.

मी घरात एक ठराव करून घेतला. चाळीत कुणाला काही सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर अपेंडिक्स म्हणायचं. 'थय' गेलेल्या बाईकडे लोक कसे बघतात ते मी बघितलं होतं, आणि त्यात ही पोटातली हलवाहलव. माहेरी हे प्रकरण चार भिंतींत राहिलं असतं. सासऱ्यांनीही मान डोलावली. पण त्यांच्या मनात वेगळीच अडचण उभी राहिली होती.

ती अडचण गाऱ्हाण्याची. आमच्या चाळीतली बहुतेक मंडळी मालवणकडची. त्यांचं देवाशी बोलणं म्हणजे गाऱ्हाणं. नारळ ठेवायचा, एकानं देवाला काय झालंय आणि काय हवंय ते खणखणीत सांगायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. मनातल्या मनात घातलेलं गाऱ्हाणं देव धरत नाही. आणि ते नेमकं असावं लागतं. कुणी एकानं नुसतं 'झिलाक नोकरी लाव' म्हटलं आणि मुलगा नागपूरला चिकटला, हे उदाहरण सासरे नेहमी देत. तेव्हापासून त्यांच्या गाऱ्हाण्यात गिरणीचं नाव, खातं आणि मुकादमसुद्धा असे. आवाजामुळे चाळीत गाऱ्हाणं घालायचा मानही त्यांचाच होता.

तर मी हॉस्पिटलात दाखल व्हायच्या दोन-तीन दिवस आधी घरात एक चमत्कारिक विचारणा सुरू झाली. सासरे सुनेला असलं काही विचारणार नाहीत. त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं आईला विचारलं. सासूबाई माझ्यापाशी येऊन बसल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ते इचारतत, नेमक्या खंय ठेवतलो तो डाक्तर?" मी डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं बरगड्यांच्या खाली बोट ठेवलं. निरोप सासूबाईंकडून नवऱ्याकडे, नवऱ्याकडून सासऱ्यांकडे गेला. थोड्या वेळानं त्याच वाटेनं उलट प्रश्न आला. दोन्ही एका उंचीवर की एक खाली एक वर? सगळ्यांनी एकाच दहा बाय बाराच्या खोलीत बसून हा पत्रव्यवहार तोंडी चालवला होता. माझा संताप झाला होता, पण हसूही येत होतं. कशाला हवंय हे, असं मी विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माका काय म्हायत?" आणि तांदळाचं सूप उचलून गेल्या. त्यांना पक्कं म्हायत होतं.

दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी, गिरणी सुटल्यावर, चाळीच्या आवारातल्या मारुतीपुढे सासऱ्यांनी नारळ ठेवला. पुरुष खाली जमले. बायका गॅलऱ्यांतून ओणवल्या. मीही सासूबाईंच्या शेजारी उभी होते. सुनेच्या अपेंडिक्ससाठी सासरा एवढं करतो म्हणून दोन-चार जणी माझ्याकडे हेव्यानं बघत होत्या.

"बा देवा म्हाराजा!" सासऱ्यांनी सुरुवात केली.

"होय म्हाराजा," खालून आलं.

"आज ह्यो जो काय तुझ्या लेकरान नारळ ठेवल्यान हा, तो मानान घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"माझ्या सुनेच्या जांगेत जी काय इडापिडा इली हा, ती त्या डाक्तराच्या हातान भायर काढ रे म्हाराजा."

'होय म्हाराजा' आलं, पण जरा सावकाश. अपेंडिक्स जांघेत नसतं एवढं गिरणगावाला कळत होतं. मी सासूबाईंचा दंड धरला.

"आणि देवा म्हाराजा, तो डाक्तर तिचा बियाणा वर सरकवतलो हा. दोन मुडये आसत. एक हय," सासऱ्यांनी आपल्या उजव्या बरगडीखाली थाप मारली, "आणि एक थय. तू आपलो नेहमीच्या जाग्यार बघशीत आणि काय गावला नाय म्हणान परत जाशीत. तसा करू नको रे म्हाराजा. तेंका वरच सांभाळ, आणि तिची ओटी भर रे म्हाराजा."

आता कुणीच काही म्हणेना. खाली जमलेले सगळे बाप्ये हा हिशेब मनात जुळवत होते. एकदोघांचे हात नकळत आपापल्या बरगड्यांकडे गेले. वरच्या गॅलऱ्यांत बायकांना मात्र सगळं एका क्षणात कळलं होतं. पण तिथून कुणी बोलायची रीत नाही. शेवटी सासऱ्यांनीच मागे वळून बघितलं, आणि मग खालून असा 'होय म्हाराजा' उठला की पलीकडच्या रस्त्यावरचा ट्रामवाला घंटा वाजवायचा थांबला असेल. पाठोपाठ सासऱ्यांनी मुंबईसकट महाराष्ट्रही मागून घेतला. नारळ एवीतेवी ठेवलेलाच होता.

मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. जेवणार नाही म्हणाले. सासूबाईंनी सासऱ्यांची हजेरी घेतली. ते दारात उभे, हातात नारळाची वाटी, आणि चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य.

"मगे काय देवाक खोटा सांगूचा? अपेंडिक्स म्हणान? तेणा अपेंडिक्सच बरा केल्यान असता."

मी उठले आणि पानं घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मला लपवायला काही उरलं नाही. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा पोट आगीसारखं होतं आणि डॉक्टर पायथ्याशी चष्मा पुसत उभे होते. "दोन्ही ठेवलेत," एवढंच म्हणाले. भेटायच्या वेळेला चाळ लोटली. ज्या बायका 'थय'चं नाव काढलं की तोंडाला पदर लावत, त्या रांगेनं आल्या. कुणी मऊ भात आणला, कुणी खिमटी. माझी तब्येत कशी आहे असं कुणी विचारत नव्हतं. आपल्या बरगड्यांखाली बोट लावून विचारायच्या, "दोघी बऱ्या आसत मां?" मुड्या बायकी होत्या म्हणून त्या 'दोघी' झाल्या, आणि पुढे तर कुणी वरच्या माळ्यावर बिऱ्हाड बदलून गेलेल्या भाडेकरणींची चौकशी करावी तशी चौकशी व्हायची. ठाकूरद्वारची माझी आई त्या वेळी तिथं बसली होती. तिनं एका बाईला हळूच सांगितलं, असं मोठ्यानं बोलू नये. त्या बाईनं तितक्याच मोठ्यानं विचारलं, "कित्या?" दुसऱ्या दिवशी आईनंही दोघींची चौकशी केली.

जखम भरली तसा शेक सुरू झाला. अंधाऱ्या खोलीत एकटीनं निजायचं, पोटावर वरच्या अंगाला शिशाचा पत्रा. पत्रा कसला, वाटणाचा पाटाच तो. श्वास घेतला की जाणवायचा. यंत्र घूं करायचं आणि मी मनात त्या दोघींना म्हणायचे, हलू नका. जीव घाबरा व्हायचा, अन्न पोटात राहायचं नाही, आणि रोज जावं लागायचं. नेमका एके दिवशी हरताळ. ट्राम बंद, घोडागाडी नाही. सासऱ्यांची पंचाईत झाली. मोर्च्याला जायचं की सुनेला न्यायचं? त्यांनी चौकशी केली आणि चेहरा खुलला. मोर्चा परळवरूनच जाणार होता. मग मी मोर्च्याच्या शेपटाला, सासऱ्यांच्या दंडाचा आधार घेऊन, दुसऱ्या हातात छत्री, अशी हळूहळू चालत निघाले. माझ्यासाठी शेपूट रेंगाळायचं, मग पुढून कुणीतरी ओरडायचं, आणि मागून सासरे त्याच्या दुप्पट ओरडून कारण सांगायचे. हॉस्पिटलच्या फाटकाशी त्यांनी मला आत सोडलं. शेक घेऊन बाहेर आले तेव्हा ते फाटकापाशीच उभे होते. मोर्चा पुढे गेला होता आणि ते गेले नव्हते.

शेक संपला. गाठ विरली होती. डॉक्टरांनी सगळीकडे चाचपून पाहिलं, समाधानानं मान हलवली, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, "त्या दोन्हींचं आत्ता सांगता येणार नाही. थोडे किरण तिथवरही पोचतात. पाळी परत आली तर समजायचं, वाचले. वाट बघा."

वाट बघायची म्हणजे काय ते सांगायचं तर आमच्या घरातला एक रिवाज सांगायला हवा. पाळी आली की बाईनं दाराजवळच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं. चार दिवस शेगडीला, पाण्याला, माणसांना शिवायचं नाही. सासूबाई याबाबतीत कडक होत्या. चुकून पदराचा वारा लागला तरी पुन्हा आंघोळ करायच्या. लग्नानंतर पहिल्यांदा मला त्या गोणपाटावर बसवलं तेव्हा मी मनात इतकी धुसफुसले होते की चारही दिवस कुणाशी बोलले नव्हते. आणि आता मला रात्रंदिवस तेच गोणपाट हवं होतं.

हवं होतं ते एकट्या मला नाही. सगळ्या चाळीला माझा कोपरा ठाऊक होता. सकाळी मी नळावर हंडा घेऊन दिसले की बायकांचे चेहरे पडत. मी शेगडीपाशी बसले की जाणारी-येणारी दारातून डोकावे, मला भाकरी थापताना बघे आणि "अजून रांधतंस?" म्हणून उसासा टाके. सून कामाला लागली म्हणून हळहळणारी चाळ मी ती एकच पाहिली. महिने जात होते. हसून नेता नेता माझं हसू संपत आलं. एकदा नवरा कामावर निघाला असताना मी त्याला म्हटलं, "तुम्ही दुसरं लग्न केलंत तर माझी ना नाही." त्यानं चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. मग परत चढून वर आला. "पुन्हा असं म्हणालीस," तो म्हणाला, "तर मी बाबांना गाऱ्हाणं घालायला सांगेन." त्याचं सबंध आयुष्यातलं ते सगळ्यात लांब वाक्य असावं. तो गेल्यावर मी पोटभर रडले.

आणि मग एका सकाळी, नळ यायच्या आधी, मला कळलं. विश्वास बसेना म्हणून मी पुन्हा खात्री केली. पुरुष दोघेही गिरणीत गेले होते. सासूबाई शेगडीपुढे बसून भाकरीचं पीठ मळत होत्या. मी रिवाजाप्रमाणे दाराशीच थांबले. शेवटी म्हणाले, "आई, मला कोपऱ्यात बसायचंय."

त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग उठल्या, खोली ओलांडून आल्या, आणि पिठानं भरलेल्या दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. मी मागे सरले. "आई, शिवाल," म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही. मला कवटाळलं आणि त्या मोठ्यानं रडायला लागल्या. त्या घरात मोठा आवाज फक्त सासऱ्यांचाच आहे असं मी समजत होते.

"आता नातू येईल तुम्हाला," मी म्हणाले. मला वाटलं, त्यांना तेच ऐकायचं असेल.

"नातवाक घाल चुलीत," त्या म्हणाल्या. "येवचो तेवा येयत, नायतर नाय. माझी एक भैण तुझ्याच वयाची गेली गो. अशीच गाठ. तिची पाळी गेली ती शेवटपर्यंत परत इलीच नाय. तू तांदूळ निवडूक बसलंस की मी तुझ्याकडे बघी, आणि माका तीच दिसा. तू जगलंस. माका आणखी काय नको."

इतके महिने मी एका छपराखाली राहून त्या बाईला ओळखलं नव्हतं. त्या माझ्यासाठी वाट बघत होत्या, आणि वेगळ्याच गोष्टीची.

मुलगी मला त्यानंतर तिसऱ्या वर्षी झाली. राज्य तोवर मिळालं होतं. बारशाला चाळ जेवली, आणि पाळण्यातल्या पोरीला बघायला डॉक्टरही चष्मा पुसत येऊन गेले. तो आनंद सगळ्यांचा होता. त्या सकाळचा आमचा दोघींचा होता.

त्या सकाळी मला शिवल्यावर सासूबाईंनी आंघोळ करून शेगडीकडे जायचं, तर त्या गेल्या नाहीत. माझ्या शेजारी गोणपाटावरच बसून राहिल्या. दुपारी गिरणी सुटून बापलेक घरी आले, तर शेगडी थंड, मळलेलं पीठ वाळून गेलेलं, आणि कोपऱ्यात एकाच गोणपाटावर सासू-सून. सासऱ्यांनी आधी बायकोकडे बघितलं, मग माझ्या गालावरच्या पिठाकडे. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज बसला होता.

"जेवाण?" त्यांनी विचारलं.

"आज तुमी करा," सासूबाई म्हणाल्या.

ते टोपी काढून शेगडीपुढे बसले. कोळसे अजून पेटलेही नव्हते, तरी त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या. नवऱ्यानं तांदूळ धुतले. त्या दिवशीची पेज अतोनात खारट झाली होती, आणि मी ती दोनदा मागून घेतली.